दोघांनी फेकला, मग 'फेकले' का नाही?

"मॅडम, बोलताना तो चुकत नाही. पण लिहायला बसला आणि वाक्यात दोन माणसं आली, की सगळं बिघडतं. याला अध्ययन अक्षमता तर नसेल ना?"

तिसरीतल्या एका मुलाची आई वह्या टेबलावर ठेवता ठेवता विचारत होती. मुलगा शेजारच्या खुर्चीत पाय हलवत बसला होता आणि आपल्याविषयी काय बोललं जातंय ते नीट ऐकत होता. हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येतो. म्हणून ही हकीकत जरा सविस्तर सांगते.

वहीत तीन वाक्यांखाली लाल रेघा होत्या.

ताई आणि दादाने चेंडू फेकले.
आई आणि ताई खुर्चीवर बसले.
दादा किंवा ताई दार उघडतील.

शेजारी शेरा होता, 'निष्काळजीपणा'. मला तो पटला नाही. निष्काळजी मूल दर वेळी वेगळं चुकतं. हा मुलगा तिन्ही ठिकाणी एकाच पद्धतीने चुकला होता. दोन नावं दिसली की क्रियापद अनेकवचनी करायचं, आणि भूतकाळात तेही 'आले, गेले' या एकाच साच्यात, असा त्याचा नियम होता आणि तो त्याने इमानाने पाळला होता.

पहिल्या वाक्यासाठी चित्र दिलेलं होतं. मी त्यावर बोट ठेवलं.

"चेंडू किती आहेत?"
"एक."
"मग तू 'फेकले' का लिहिलंस?"
"कारण दोघांनी फेकला ना!"

आईने चमकून माझ्याकडे पाहिलं. हातातल्या पेन्सिलीने 'फेकले' लिहिलं होतं आणि तोंडातून सहज 'फेकला' आलं होतं. भाषा त्याच्याजवळ होतीच. लिहिताना मात्र तो तिच्याकडे न जाता नियमाकडे जात होता. आई हळूच म्हणाली, "दोघं असले की शेवटी 'ले' लाव, हे मीच सांगितलं होतं. आधी तो 'आई आणि दादा आला' असं लिहायचा." मी तिला सांगितलं की यात दोष मानण्यासारखं काही नाही. 'आई आणि दादा आला' सुधारायला तो नियम उपयोगी पडला, पण तो अर्धाच होता. मुलाने तो पूर्ण समजून सगळीकडे लावला.

निदानाची घाई मी केली नाही. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या 2013 च्या निदान-पुस्तिकेतही अट आहे की नेमकी मदत देऊनही अडचण किमान 6 महिने टिकली, तरच अध्ययन अक्षमतेचा विचार करायचा. इथे नेमकी मदत अजून सुरूच झाली नव्हती. मुलाला ऐकलेलं वाक्य नीट सांगताच येत नसेल, साधे शब्द वाचताना अक्षरांची सतत अदलाबदल होत असेल, किंवा ऐकू येण्याबद्दलच शंका असेल, तर मी तपासणीला पाठवते आणि त्यात वेळ घालवत नाही. या मुलात त्यातलं काहीच नव्हतं.

सुरुवातीला वही बंद ठेवली. मी आणि आई मुद्दाम मोठ्याने हसलो आणि मी विचारलं, "कोण कोण हसलं?" तो म्हणाला, "तुम्ही आणि आई हसलात." मग तो आणि आई हसले. पुन्हा तोच प्रश्न. "मी आणि आई हसलो." 'मी' आला की क्रियापद 'आम्ही'सारखं चालतं, 'तू' किंवा 'तुम्ही' आलं की 'तुम्ही'सारखं, हे त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं. तरी ते अचूक येत होतं. पालकांना मी हे आवर्जून दाखवते, कारण 'याला काहीच येत नाही' ही भीती तिथेच उतरते.

आपल्या भाषेत 'कोण कोण' हा दुहेरी प्रश्न तयार मिळतो, हे मला फार मोलाचं वाटतं. 'कोण आलं?' विचारलं की मूल बहुधा एक नाव सांगून थांबतं. 'कोण कोण आलं?' म्हटलं की ते दुसरं नाव शोधायला लागतं. संयुक्त कर्ता, म्हणजे एकच काम करणारी दोन किंवा जास्त माणसं, समजण्याची सुरुवात या शोधातून होते. कर्ता, क्रियापद, वचन हे शब्द मी नंतर आणते, आणि कधी कधी त्यांची गरजही पडत नाही.

पुढच्या भेटीत कागदाच्या दोन पट्ट्या केल्या. एकीवर 'आई हसली', दुसरीवर 'ताई हसली'. त्याला कात्री दिली आणि सांगितलं, जे दोनदा आलंय ते एकदाच ठेव. त्याने एक 'हसली' कापून बाजूला ठेवलं, मध्ये 'आणि'ची चिठ्ठी लावली आणि वाचलं, "आई आणि ताई हसली." थांबला. पुन्हा वाचलं. "हसल्या!" असं म्हणून त्याने स्वतःच 'ली' खोडून 'ल्या' केलं. मी काहीच बोलले नव्हते. अशा वेळी गप्प राहणं मोठ्यांना जड जातं, मलाही जातं, पण त्या दोन-तीन सेकंदांत मूल स्वतःचं वाक्य ऐकत असतं.

'ले'च्या जागी मी त्याला एक खूण दिली. दोन्ही नावं बोटाने झाक आणि तिथे 'ते दोघे', 'त्या दोघी' किंवा 'ती दोघं' ठेवून बघ. त्या दोघी बसल्या. ते दोघे बसले. ती दोघं बसली. क्रियापद मागोमाग आपोआप येतं. एक पुरुष आणि एक स्त्री असेल तर 'दादा आणि ताई आले' आणि 'दादा आणि ताई आली' दोन्ही कानावर पडतं. मुलाने यातलं कुठलंही लिहिलं तरी मी खोडत नाही. निर्जीव वस्तूंचंही तसंच. 'वही आणि पेन्सिल हरवली' हे आपण रोज बोलतो, तिथे क्रियापद जवळच्या नावाकडे बघतं. 'हरवल्या'ही बरोबरच. मोठ्यांच्या भाषेतही दोन वाटा आहेत, तिथे आठ वर्षांच्या मुलाच्या वहीत लाल रेघ कशाला?

'बाबा आले' मात्र त्याला सतावत होतं. "बाबा तर एकच आहेत!" खरंच आहे. मान द्यायला आपण एकालाही अनेकवचन लावतो. त्यामुळे क्रियापदाच्या शेवटावरून माणसं मोजू नकोस, आधी माणसं बघ, असं मी त्याला सांगितलं.

'ने' मी शेवटी घेतलं. घाई होते ती इथेच. 'ताई आणि दादा आले' आणि 'ताई आणि दादाने चेंडू फेकला' ही वाक्यं एकाच दिवशी शिकवली की मूल गोंधळणारच. पहिल्यात क्रियापद माणसांकडे बघतं, दुसऱ्यात वस्तूकडे. मी त्याला म्हटलं, 'ने' किंवा 'नी' म्हणजे बंद दार. दाराआड एक माणूस असो की दहा, क्रियापदाला ती दिसत नाहीत. त्याला चेंडू दिसतो. मग आम्ही खेळलो. त्याने फेकला, आईने फेकला, दोघांनी फेकला, सगळ्यांनी फेकला. चेंडू बदलून दोरी आणली की 'ओढली', खोकं आणलं की 'ढकललं'. माणसं वाढत गेली आणि क्रियापद जागचं हललं नाही, याची त्याला मोठी गंमत वाटली. एक काळजी घ्यावी लागते. भूतकाळात काम वस्तूवर झालं की 'ने' लागतंच, असं सांगू नये. 'ताई आणि दादा वही विसरले', 'दोघी नवा धडा शिकल्या' ही वाक्यं 'ने'शिवायच होतात. म्हणून नजर 'ने'वर ठेवायला शिकवावं, क्रियापदांची यादी पाठ करून घेऊ नये.

लिहिणं सुधारत होतं, तेव्हा आईने गणिताची वही दाखवली. उदाहरण असं होतं: ताई आणि दादाकडे मिळून 8 मणी आहेत. ताईकडे 3 आहेत. दादाकडे किती? उत्तर लिहिलं होतं, 8. घरी सगळ्यांना वाटलं की वजाबाकी कच्ची आहे. मी मणी पुढे ठेवले आणि वाक्यात आहे तसं मांडायला सांगितलं. त्याने ताईपुढे 8 ठेवले आणि दादासाठी आणखी 8 शोधू लागला. वजाबाकीपर्यंत तो पोचलाच नव्हता. 'आणि'ने जोडलेल्या दोघांना त्याने सुटं केलं होतं. 'आई आणि ताई हसल्या' या वाक्याची दोन वाक्यं होतात, तशी याचीही होतात असं त्याने धरलं. पण 'मिळून' आलं की ती होत नाहीत, आणि 'प्रत्येकी' आलं की होतात. आम्ही 'मिळून'साठी दोन्ही हातांनी मणी एकत्र ओढायचो, 'प्रत्येकी'साठी दोन वेगळे ढीग करायचो. मग 'दादा आणि ताई भेटले' हे वाक्य त्याला सुटं करायला दिलं. "दादा भेटला," तो म्हणाला आणि अडला. "पण कोणाला?" काही कामं एकट्याने होतच नाहीत, हे त्या प्रश्नातून त्याचं त्यालाच दिसलं.

आईला मी घरासाठी एवढंच दिलं: रोज झोपण्याआधी दिवसातल्या एखाद्या गोष्टीवर 'कोण कोण?' विचारायचं, उत्तर पूर्ण वाक्यात ऐकायचं, आणि त्यातलं एकच वाक्य वहीत लिहून घ्यायचं. चूक झाली तर खोडायचं नाही, 'मोठ्याने वाच' म्हणायचं.

सुमारे दोन महिन्यांनी तो वही घेऊन आला. त्यात लिहिलं होतं: 'मी आणि आईने चेंडू फेकला. तो कपाटामागे गेला. मग आम्ही दोघं शोधत बसलो.' 'फेकला'च्या 'ला'खाली खोडलेल्या 'ले'ची पुसट खूण होती. "आधी चुकलं होतं," तो म्हणाला, "मग 'ने' दिसलं."

'किंवा' अजून डळमळतंय. 'दादा किंवा ताई दार उघडेल' इथे काम दोघांतलं एकच जण करणार, हे त्याला तोंडी कळतं, लिहिताना 'उघडतील' होतं. पुढच्या भेटीत आम्ही खोलीचं दार खरोखर बंद करून बघणार आहोत.