2015 च्या 'नीड फॉर स्पीड' या कार-रेसिंग गेमच्या रिबूटला (मालिकेच्या नव्या सुरुवातीला) समीक्षकांनी कमी गुण का दिले?

दिसण्यात गेम एक नंबर होता, यावर जवळजवळ सगळ्यांचं एकमत झालं. व्हेंचुरा बे शहर, कायमची रात्र, पावसाने चकाकणारे रस्ते, आणि याच मालिकेतल्या जुन्या 'अंडरग्राउंड' गेमची आठवण करून देणारं गाडी सजवणं. कौतुक मुख्यतः याचंच झालं.

घोडं अडलं ते इंटरनेटवर. गेम बनवणाऱ्या घोस्ट गेम्सने तो सतत ऑनलाइन ठेवला, त्यामुळे एकटे खेळत असलात तरी पॉझ करता येत नव्हतं. शर्यतीच्या मध्यात दाराची बेल वाजली की संपलं! दुसरी तक्रार 'रबर बँडिंग'ची: तुम्ही कितीही पुढे जा, कॉम्प्युटरच्या गाड्या मागून येऊन चिकटणारच. खऱ्या नटांचे सीनही बऱ्याच जणांना ओढूनताणून आणलेले वाटले. जो तो उठून कॅमेऱ्यासमोर मूठ धरतो. (मला तो आचरटपणा आवडला, पण ते असो.)

समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक साइटवर गुण शंभरपैकी साठीच्या घरातच राहिले. मॅन्युअल गिअर सुरुवातीला नव्हतेच. ते नंतरच्या मोफत अपडेटमधून, 2016 मध्ये पीसी आवृत्ती आली त्या सुमारास मिळाले. आज सेलमध्ये स्वस्तात दिसला, तर नेट भरवशाचं असेल तरच घ्या.