फेट म्हणजे नशीब, पण कुठलं नशीब?

प्रश्न: नमस्कार सर, माझी मुलगी पीयूसी सेकंड इयरला, म्हणजे बारावीला आहे. सेंड ऑफच्या दिवशी तिनं इंग्लिशच्या सरांना हातानं ग्रीटिंग करून दिलं आणि आत लिहिलं, 'इट इज माय फेट दॅट आय गॉट अ टीचर लाइक यू'. सर वाचून हसले, म्हणाले, 'एवढं वाईट शिकवलो काय गं मी?' पोरगी घरी येऊन रडत बसली. डिक्शनरीत फेट म्हणजे नशीब असंच दिलंय, मी पण उघडून बघितले. मग चुकलं कुठं?
- एक आई, खानापूर तालुका

उत्तर: ताई, पहिलं म्हणजे पोरीला सांगा की तिचं मराठी अगदी बरोबर होतं, मनात आलेलं वाक्य 'माझं नशीब म्हणून तुमच्यासारखे सर मिळाले' हेच होतं नव्हे? यात चूक काढायला जागाच नाही. पण आपला नशीब हा शब्द दोन्हीकडं चालतो. 'नशीब, बस मिळाली' म्हटलं की आनंद, आणि कपाळाला हात लावून 'काय नशीब माझं' म्हटलं की दुःख, शब्द एकच, आवाज बदलला की झालं. इंग्लिशच्या फेटला हे जमत नाही, तो बहुतेक वेळा वाईटाकडंच कलतो, आधीच ठरलेलं, टाळता न येणारं, सोसायचं असं काहीतरी त्यात असतं. त्यामुळं तिच्या वाक्याचा अर्थ झाला 'तुमच्यासारखे सर वाट्याला आले, काय करणार, भोग माझे'. तिथं 'इट इज माय गुड फॉर्च्यून' पाहिजे होतं, नाहीतर साधं 'आय ॲम लकी टू हॅव अ टीचर लाइक यू', आणि मला विचाराल तर हे दुसरंच जास्त मनापासूनचं वाटतं.

असं का, ते शब्दाच्या मुळात आहे आणि मला ते फार आवडतं म्हणून जरा सविस्तर सांगतो. फेट आला लॅटिन फाटुम वरून, त्याचा अर्थ 'बोललेलं'. म्हणजे देव एकदा बोलून गेला, आता त्यात बदल नाही. (इन्फंट हा शब्द पण त्याच कुळातला, ज्याला अजून बोलता येत नाही ते बाळ.) आपल्याकडं मात्र बोललेलं नाही, लिहिलेलं असतं. बाळ जन्मल्यावर सटवाई येऊन कपाळावर लिहिते म्हणून पूजेत कोरा कागद नि पेन ठेवतात ते तुम्ही बघितलंच असेल, 'पाचवीला पुजलेलं' हे तिथूनच आलं, आणि तुमच्या शेजारच्या कन्नड बायका हणेबरह म्हणतात ते पण तेच, हणे म्हणजे कपाळ, बरह म्हणजे लिखाण. ग्रीक लोकांत तीन देवी, क्लोथो आयुष्याचा धागा कातते, लॅकेसिस मोजते आणि ॲट्रोपॉस कापते. इंग्लिशमध्ये त्या तिघींना फेट्स म्हणतात, आता धागा कापणाऱ्या बाईची सावली ज्या शब्दावर आहे तो ग्रीटिंगवर कसा शोभेल?

आणि नशीब? तो अरबीतून आला, अर्थ 'वाटा'. किस्मत पण अरबीच, अर्थ परत वाटणी. भाग्य संस्कृत, त्यात भाग आहेच की. इंग्लिशचा लॉट हा शब्द तर थेट चिठ्ठी टाकण्यातून आलाय, लॉटरी त्याचीच भावंडं. भावकीत जमीन वाटताना चिठ्ठ्या करतात, घरातल्या बारक्या पोराला उचलायला लावतात आणि कुणाला खालचं पाण्याचं भाताचं शेत येतं, कुणाला वरचा माळ, ते चित्र डोळ्यापुढं आणा, नशीब आणि लॉट म्हणजे तेच. चिठ्ठीत चांगलं पण निघू शकतं, म्हणून नशीब दोन्हीकडं जातं. फेटमध्ये चिठ्ठीच नाही, निकाल आधीच सांगून झालाय.

डेस्टिनी पण तिला सांगून ठेवा, परीक्षेत गोंधळ होतो. ते आलं 'पक्कं करणं, नेमून ठेवणं' यावरून आणि डेस्टिनेशन त्याचंच भावंड, म्हणून डेस्टिनीत कुठंतरी पोचायचंय असा सूर असतो. 14 ऑगस्ट 1947 च्या रात्री नेहरूंनी 'ट्रिस्ट विथ डेस्टिनी' म्हटलं (ट्रिस्ट म्हणजे ठरवून केलेली भेट), तिथं फेट घातलं असतं तर स्वातंत्र्याच्या रात्री सुतक आल्यासारखं वाटलं असतं. मराठीत त्याला नियती म्हणतात, ते बरोबर बसतं.

अजून एक वापर आहे, तिथं नशीब घातलं की वाक्यच मोडतं. पेपरात येतं बघा 'उमेदवारांचं भवितव्य मशीनबंद', ते इंग्लिशमध्ये फेट असतं, म्हणजे फक्त शेवटी काय होणार ते. आपल्या सीमाभागाचा दावा महाराष्ट्रानं 2004 साली सुप्रीम कोर्टात घातला, त्याबद्दल 'द फेट ऑफ द केस' असं लिहिलं तर ते दाव्याचं नशीब नव्हे, दाव्याचं पुढं काय होणार ते. हा अर्थ डिक्शनरीत खाली तीन नंबरला वगैरे असतो आणि तिथवर कोण वाचत नाही. पोरांना मी नेहमी सांगतो, पहिल्या अर्थावर थांबू नका, खालची उदाहरणं वाचा, शब्द कुणाबरोबर बसतो-उठतो ते तिथंच कळतं.

पोरीला म्हणावं नवीन कार्ड करून सरांना नेऊन दे, लाजू नको. जुनं पण ठेवून घेतलं असेल त्यांनी, मी असतो तर ठेवलं असतं.

प्रश्न: फेटल आणि फेटफुल एकच काय?
- एक वाचक, निपाणी

उत्तर: नाही. दोघांचं मूळ फेटच, पण फेटल म्हणजे जीव जाणारं, 'फेटल ॲक्सिडेंट' म्हटलं की माणूस गेला. फेटफुल म्हणजे ज्यानं पुढचं सगळं बदललं ते, 'दॅट फेटफुल डे'. त्या दिवशी कोण मेलंच पाहिजे असं नाही, पण पुढं बहुतेक वाईटच झालेलं असतं, म्हणून लग्नाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांत हा शब्द कृपा करून घालू नका.