वाचकांचे प्रश्न : मालकाचा धाक आणि टपरीवरची कुजबूज

प्रश्न : कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत माझा शेतीपंपांचे सुटे भाग बनविण्याचा कारखाना आहे. वडिलांनी तो सुरू केला तेव्हा २२ माणसे होती; आज दोन युनिट मिळून १९० आहेत. जुन्या युनिटातले कामगार नव्यांना ‘तिकडचे’ म्हणतात, आणि चहाच्या टपरीवर माझ्याविषयी व मी कामावर घेतलेल्या पुतण्याविषयी बरेच बोलले जाते, असे कानावर येते. अलीकडे एका प्रशिक्षण शिबिरात सांगण्यात आले की माणूस हा कळपातला प्राणी आहे, कळपाला दणकट म्होरक्या लागतो, म्हणून कुजबूज करणाऱ्यांना वेळीच ठेचावे. उत्क्रांतीचे शास्त्र खरोखरच असे सांगते का?
— एक उद्योजक, कुपवाड

उत्तर : आपल्या प्रशिक्षकांनी अर्धेच सांगितले, आणि जे गाळले तेच आपल्या उपयोगाचे आहे. उत्क्रांतीच्या मानसशास्त्राचे मूळ म्हणणे असे की मनुष्यजात सुमारे ३ लाख वर्षांची असली, तरी शेती १० ते १२ हजार वर्षांची आणि कारखाना तर दोन-अडीचशे वर्षांचाच आहे. त्यामुळे अधिकार, मानापमान आणि आपपर यांविषयीच्या आपल्या मनाच्या सवयी एकमेकांना जवळून ओळखणाऱ्या माणसांच्या लहान टोळ्यांत घडल्या आणि आजही आपण त्याच घेऊन कामावर येतो.

म्होरक्याचा दाखला द्यायचाच, तर तो पूर्ण द्यावा. नेदरलँड्समधील आर्नहेमच्या प्राणिसंग्रहालयात फ्रान्स द वाल यांनी १९७०च्या दशकात चिंपांझींच्या एका कळपाचा अभ्यास केला. तेथे १९७६ साली लाउट नावाच्या नराने येरून या जुन्या म्होरक्याला पायउतार केले. पण पुढे निक्की हा तरुण नर आणि पदावरून गेलेला येरून यांनी संगनमत करून लाउटलाच खाली खेचले, आणि १९८० साली त्या दोघांच्या हल्ल्यात तो मेला. केवळ दणकटपणावर म्होरकेपण चिंपांझींतही टिकत नाही, मग कुपवाडात ते टिकावे अशी अपेक्षा कशाला करावी?

शिवाय माणसाने या बाबतीत चिंपांझीपेक्षा वेगळी वाट धरली. मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफर बोएम यांनी जगभरातील लहान समाजांच्या नोंदी तपासून १९९३ साली असे मांडले की तेथे वरचढ होऊ पाहणाऱ्या माणसाला इतर सर्व जण मिळून आवरतात : आधी टर उडवून, मग टीका करून, मग त्याचे न ऐकून, आणि शेवटी त्याला सोडून जाऊन. कालाहारीच्या वाळवंटात राहिलेले रिचर्ड ली यांनी तर स्वतःच हा अनुभव घेतला. नाताळच्या मेजवानीसाठी त्यांनी भलामोठा बैल विकत घेतला, तेव्हा यजमान मंडळींनी ‘हा तर नुसता हाडांचा सापळा’ म्हणून त्यांना दिवसेंदिवस हिणवले. मोठी शिकार आणणाऱ्याच्या डोक्यात हवा जाऊ नये, म्हणून तेथे असेच बोलण्याची रीत होती, हे त्यांना नंतर कळले.

आपल्या कारखान्यासमोरची टपरी ही त्याच रीतीची शाखा आहे, असे मला वाटते. तेथील प्रत्येक शब्द खरा असतो असे नाही, काही बोलणे निव्वळ मत्सराचेही असेल. पण हाताखालच्या माणसांकडे मालकावर वचक ठेवण्याचे ते सर्वांत जुने आणि सर्वांत सौम्य साधन आहे. आपण ते ठेचले तर कुजबूज थांबणार नाही, ती फक्त आपल्या कानापर्यंत पोहोचणार नाही, आणि पुढची पायरी सोडून जाण्याची असल्यामुळे एखाद्या दिवशी आपला हातखंडा टर्नर समोरच्या शेडमध्ये काम करताना दिसेल. महिन्यातून एकदा दोन्ही युनिटांच्या कामगारांनी निवडलेल्या चार-पाच जणांशी तक्रारींवर बोलावे, आणि मागच्या वेळच्या तक्रारीचे काय झाले हे आधी सांगून मगच नव्या ऐकाव्यात. या दुसऱ्या अटीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे अशा बैठका दोन-तीन महिन्यांत ओस पडतात, असे मी अनेकदा पाहिले आहे.

धाकाने काम होतच नाही असे मात्र मी म्हणणार नाही, कारण ते खरे नाही. जोसेफ हेनरिक आणि फ्रान्सिस्को गिल-व्हाइट यांनी २००१ साली असे मांडले की माणसांत वर जाण्याच्या दोन वाटा आहेत : एक धाकाची, जी आपण वानरासारख्या पूर्वजांकडून घेतली, आणि दुसरी मानाची, जी कसब असलेल्या माणसाकडून शिकण्याच्या गरजेतून निर्माण झाली. पुढच्या प्रयोगांत असे दिसले की गटात दोन्ही प्रकारच्या माणसांचे चालते. परंतु धाकवाल्याविषयी आपुलकी वाटत नाही. आपल्याकडे तालमीतला वस्ताद हे दुसऱ्या वाटेचे उत्तम उदाहरण आहे. साठी उलटलेला वस्ताद पंचविशीच्या पैलवानाला चितपट करू शकत नाही, हे दोघांनाही ठाऊक असते, तरी त्याने हाक मारली की पोरगा मातीत उतरतो.

आपल्या पुतण्याचा प्रश्न याच ठिकाणी सुटतो किंवा चिघळतो. रक्ताच्या नात्याकडे झुकण्याचे जीवशास्त्रीय गणित डब्ल्यू. डी. हॅमिल्टन यांनी १९६४ साली मांडले. ती ओढ आपल्याला आहे तशी प्रत्येक कामगारालाही आहे, म्हणूनच ती त्याला आपल्यात चटकन ओळखू येते. ओढ नैसर्गिक आहे एवढ्याने ती न्याय्य ठरत नाही. पुतण्याला वर्ष-दीड वर्ष एखाद्या जाणत्या फोरमनच्या हाताखाली मशीनवर उभे करावे, आणि त्याची रजा व पगारवाढ त्या फोरमनच्या शेऱ्यावर ठरावी. फोरमनने प्रतिकूल शेरा लिहिला आणि आपण तो मानला, तर टपरीवरचा सूर त्याच आठवड्यात बदलेल.

आता १९० या आकड्याविषयी. रॉबिन डनबार यांनी १९९२ साली प्राइमेट (माकड-वानर वर्गातील) प्राण्यांच्या मेंदूच्या आकारावरून माणसाच्या गटाची मर्यादा काढली, ती सुमारे १५० येते. अमेरिकेतील गोर या कंपनीचे संस्थापक बिल गोर यांनीही कारखान्यात फिरताना सगळे चेहरे ओळखीचे राहिले नाहीत हे पाहून एका युनिटातील माणसे साधारण दीडशे-दोनशेवर आटोक्यात ठेवण्याचे धोरण घेतले. मात्र स्टॉकहोमच्या संशोधकांनी २०२१ साली डनबार यांचेच गणित पुन्हा करून दाखविले की त्यातून असा एकच नेमका आकडा निघत नाही, त्याचा पल्ला फार मोठा आहे. म्हणून १५० ही लक्ष्मणरेषा समजू नये. पण नावाने हाक मारून कारभार चालविण्याचे वडिलांचे दिवस आपण मागे टाकले आहेत, एवढे नक्की. दहा-पंधरा माणसांमागे एक फोरमन असावा, आणि शिफ्ट बदलून देणे, रजा मंजूर करणे असे खरे अधिकार त्याच्याकडे असावेत. नुसत्या टोपीचा रंग बदलून फोरमन होत नाही.

‘तिकडचे’ हा शब्द ऐकून घाबरू नये. हेन्री ताजफेल यांच्या १९७०च्या सुमाराच्या प्रयोगांत ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांना कोणाची चित्रे आवडतात अशा क्षुल्लक सबबीवर दोन गटांत विभागले, तरी ती आपल्याच गटाला झुकते माप देऊ लागली. अशी दुही कशाने मिटते, हे मुझफर शेरीफ यांनी १९५४ साली ओक्लाहोमातील मुलांच्या शिबिरात पाहिले होते : दोन्ही गटांना एकत्र जेवायला बसविले तर त्यांनी एकमेकांवर अन्न फेकले, पण बंद पडलेला पाणीपुरवठा दोघांना मिळून सुरू करावा लागला तेव्हापासून वैर ओसरू लागले. तेव्हा स्नेहभोजनाचा खर्च वाचवावा, आणि एखादी मोठी ऑर्डर अशी विभागावी की एका युनिटाचा माल दुसऱ्याच्या मालाशिवाय पुरा होणार नाही.

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डात माझी हळदीची अडत आहे. तीन दिवाणजींपैकी एकाला मी गुपचूप पगारवाढ दिली. ती बाकीच्यांना कळली आणि तेव्हापासून ते मन लावून काम करीत नाहीत. त्यांचा पगार तर मी एका रुपयानेही कमी केलेला नाही.
— एक अडत्या, सांगली

उत्तर : माणूस पगार मोजतो तो शेजाऱ्याच्या पगाराशी ताडून. १९८२ साली जर्मनीत व्हेर्नर ग्युथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक खेळ योजला : एकाने रकमेची वाटणी सुचवायची, दुसऱ्याने ती मानायची किंवा नाकारायची, आणि नाकारली तर दोघांनाही काही नाही. फार तुटपुंजा वाटा देऊ केला की पुष्कळ जण हातचे पैसे सोडून तो झिडकारतात, हे नंतर अनेक देशांत आढळले. पेरूमधील माचिग्वेंगा लोकांत मात्र तसे फारसे घडले नाही, म्हणजे न्याय्य वाट्याची ही ओढ जन्मजात असली तरी तिला वळण रीतिभातीच लावतात. आपल्या यार्डात हळदीचे सौदे उघड बोलीने होतात आणि तिथे आपण पगार मुठीत झाकून दिलात, हेच दोघांना खुपले असावे. वाढ कशासाठी दिली ते तिघांना एकत्र बसवून सांगावे. कारण सांगता येत नसेल, तर उरलेल्या दोघांनाही वाढ देण्याची तयारी ठेवावी.

प्रश्न : मी विट्यातील एका पतसंस्थेच्या शाखेची व्यवस्थापक आहे. आमचे एक संचालक म्हणतात की पुढारपण पुरुषांच्या रक्तातच असते, हे विज्ञानाने सिद्ध केले आहे. यावर काय म्हणावे?
— एक वाचक, विटा

उत्तर : असे काही सिद्ध झालेले नाही. स्त्री-पुरुषांच्या वर्तनातील काही सरासरी फरकांविषयी उत्क्रांतीच्या मानसशास्त्रात वाद आहेत, परंतु सरासरीवरून समोरच्या एका व्यक्तीची पात्रता काढता येत नाही, आणि जे पूर्वापार होते तेच असावे असेही त्यातून निघत नाही. पुढच्या सभेत हा विषय निघाल्यास आपल्या शाखेच्या थकबाकीचे मागील तीन वर्षांचे आकडे टेबलावर ठेवावेत आणि त्यांवरच चर्चा करण्याची विनंती करावी.