वल्हांडण सणाचा आजच्या ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांसाठी काय अर्थ आहे?

वल्हांडण म्हणजे ओलांडून जाणं. मिसरात (इजिप्तमध्ये) घराघरातले ज्येष्ठ पुत्र मेले त्या रात्री इस्राएली लोकांनी एजोब नावाच्या झुडपाची जुडी कोकराच्या रक्तात बुडवून ते रक्त दाराच्या चौकटीला लावलं आणि मृत्यू ती घरं ओलांडून गेला (बायबलमधलं निर्गम, अध्याय १२). त्या कोकराचं एकही हाड मोडायचं नव्हतं. वधस्तंभावर येशूचे पायही मोडले गेले नाहीत, हे शुभवर्तमान लिहिणारा योहान मुद्दाम नोंदवतो. हा तपशील वाचताना मला दर वेळी गहिवरून येतं.

म्हणूनच प्रेषित पौल ख्रिस्ताला आपला वल्हांडणाचा यज्ञपशू म्हणतो आणि त्याच दमात सांगतो, या सणात घरातलं खमीर काढतात तसं जुनं खमीर, म्हणजे मनातला दुष्टपणा, काढून टाका. आज आपण कोकरू कापत नाही. प्रभुभोजनात भाकर मोडतो, प्याला घेतो. धरला जाण्याआधी येशूने शिष्यांना भाकर आणि प्याला याच सणाच्या जेवणात दिले होते.