टर्बाइन सोपं, पाणी अवघड

जुन्या युद्धनौकांच्या इंजिनरूमविषयी विचारणारी पत्रं बरीच साठली आहेत. उमेदीची वर्षं मी वाफेवरच्या फ्रिगेटच्या, म्हणजे मध्यम आकाराच्या युद्धनौकेच्या, पोटात वॉच (पहाऱ्याची पाळी) करण्यात घालवली, त्यामुळे हा विषय निघाला की माझा हात आवरत नाही. तरी सहाच प्रश्न घेतो.

प्रश्न : वाफेची युद्धनौका म्हणजे कोळशाच्या रेल्वे इंजिनासारखीच ना? मग त्यात टर्बाइन कशाला? (सातारा)

वाफ तीच, पण तिच्याकडून काम करून घ्यायची रीत निराळी. रेल्वे इंजिनात वाफ दट्ट्याला ढकलते. दट्ट्याची ती येरझार मग चाकाच्या फिरण्यात बदलावी लागते. एवढं जड लोखंड क्षणाक्षणाला थांबवून उलटं हाकायचं म्हटल्यावर जहाज थरथरणार आणि बेअरिंगं झिजणार. टर्बाइनमध्ये येरझारच नाही. बॉयलरमधली वाफ अरुंद तोंडातून सुसाट सुटते आणि रोटरवरच्या, म्हणजे फिरत्या दांड्यावरच्या, पात्यांच्या रांगांमधून जाते. प्रत्येक रांगेला ती थोडा दाब देऊन टाकते आणि तेवढीच फुगते. म्हणून शेवटच्या रांगेतली पाती पहिल्या रांगेच्या कितीतरी पट लांब असतात.

हे जहाजावर पहिल्यांदा आणलं चार्ल्स पार्सन्स या ब्रिटिश अभियंत्याने. १८९७ साली व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवासाठी स्पिटहेडला ब्रिटिश आरमार रांगेत उभं होतं. त्या रांगांमधून पार्सन्स यांची 'टर्बिनिया' ही चिमुकली बोट ३४ नॉटच्या (ताशी सुमारे ६३ किलोमीटरच्या) आसपास वेगाने निघून गेली. गस्तीच्या बोटींना ती हाती लागली नाही. आगाऊपणाच होता, पण कामी आला. १९०६ मध्ये 'ड्रेडनॉट' ही ब्रिटिशांची टर्बाइनवर चालणारी पहिली मोठी युद्धनौका आरमारात दाखल झाली आणि दट्ट्याची इंजिनं मागे पडू लागली.

प्रश्न : टर्बाइन मिनिटाला हजारो फेरे घेतं म्हणतात. मग जहाजाचा पंखाही तेवढाच फिरतो का? (डोंबिवली)

तेवढा फिरला तर पाणी ढकलण्याऐवजी पाण्यात पोकळ्या करत बसेल. पात्याच्या पाठीमागे दाब इतका उतरतो की थंड समुद्राचं पाणीही तिथे उकळून बुडबुडे होतात. ते फुटताना पंख्याचा धातूही कुरतडतात. 'टर्बिनिया'चं पहिलं रूप यातच अडकलं होतं. पार्सन्स यांनी अखेर तीन शाफ्ट (पंखा फिरवणारे दांडे) बसवले आणि प्रत्येकावर तीन, असे एकूण नऊ पंखे लावले.

टर्बाइनला वेग हवा, पंख्याला संथपणा. 'ड्रेडनॉट'मध्ये टर्बाइन सरळ शाफ्टला जोडलेलं होतं, म्हणजे दोघांनीही मन मारून संसार केला. पुढे मधे गिअर आले आणि भांडण मिटलं. अमेरिकेने काही जहाजांवर वेगळी वाट धरली. तिथे टर्बाइनने वीज करायची आणि विजेच्या मोटरने पंखा फिरवायचा. त्यातल्या 'लेक्सिंग्टन' या विमानवाहू जहाजाने १९२९-३० च्या हिवाळ्यात टॅकोमा शहराला महिनाभर वीज पुरवली होती, कारण दुष्काळामुळे तिथली धरणं आटली होती.

प्रश्न : रिव्हर्स कसा घेतात? (मिरज)

टर्बाइन उलटं फिरत नाही. त्यासाठी वाफ शेवटी जिथून जाते त्या कमी दाबाच्या टर्बाइनच्या त्याच खोक्यात उलट्या पात्यांच्या वेगळ्या रांगा बसवलेल्या असतात. पुढची वाफ बंद करून वाफ तिकडे सोडायची. एरवी या रांगा निर्वातात नुसत्या फिरत राहतात. मागे जाण्याची ताकद पुढच्या मानाने बरीच कमी असते, म्हणून धक्क्याला लागताना थ्रॉटलवर, म्हणजे वाफ कमी-जास्त करणाऱ्या चाकावर, जुनाजाणता माणूस लागतो.

प्रश्न : वडील नौदलात स्टोकर (बॉयलरवरचे खलाशी) होते. समुद्रावर असताना आंघोळीला पाणी मिळायचं नाही, कारण 'बॉयलर आधी' असं ते सांगायचे. समुद्रात पाण्याला काय तोटा? (रत्नागिरी, एक वाचिका)

तुमचे वडील एका वाक्यात सगळं सांगून गेले. लोक टर्बाइनचं कौतुक करतात, पण वाफेच्या जहाजाचं सगळं दुखणं-खुपणं पाण्याचं असतं.

लिअँडर वर्गाच्या फ्रिगेटचंच घ्या. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली आणि १९७२ मध्ये नौदलात आलेली 'नीलगिरी' याच वर्गातली. दोन बॉयलर, दोन टर्बाइन, ३०,००० अश्वशक्ती. वाफेचा दाब दर चौरस इंचाला ५५० पौंड आणि तापमान साधारण ४५० अंश सेल्सिअस. घरचा कुकर १५ पौंडांच्या आसपास शिट्टी देतो, त्यावरून अंदाज करा. टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ कंडेन्सरमध्ये जाते. तिथे हजारो बारीक नळ्यांमधून समुद्राचं थंड पाणी वाहत असतं. नळ्यांना स्पर्श होताच वाफेचं पाणी होतं, आकारमान एकदम आकसतं आणि आत निर्वात तयार होतो. अशा रीतीने वाफेला एका टोकाला बॉयलरचा रेटा आणि दुसऱ्या टोकाला ही पोकळी मिळते. ही पोकळी बिघडली की जहाजाचा वेग लगेच उतरतो. कंडेन्सरमधलं पाणी पंप करून पुन्हा बॉयलरमध्ये जातं. तेच ते पाणी रात्रंदिवस फिरत असतं, गळतीपुरती भर घालायची.

ही भर समुद्राच्या पाण्याने घालता येत नाही. मीठ आत गेलं तर बॉयलरच्या नळ्यांवर आतून थर बसतो. बाहेर ज्वाळा आणि आत पाण्याचा गारवा नाही, अशा नळीचं लोखंड तापून फुगतं आणि फुटतं. म्हणून इव्हॅपोरेटरवर खारं पाणी उकळून गोडं करायचं आणि त्यातलं सर्वांत चांगलं बॉयलरला द्यायचं. उरलं तर खलाशांना.

संकट मात्र कंडेन्सरकडूनच येतं. आत निर्वात आणि नळ्यांत खारं पाणी, म्हणजे एका नळीला सुईएवढं भोक पडलं तरी समुद्र आत खेचला जाणार. दर वॉचला आम्ही कंडेन्सरमधल्या पाण्याचा नमुना घेऊन त्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकायचो. पाणी नितळ राहिलं तर जीव भांड्यात पडायचा, दुधाळ झालं, म्हणजे मीठ शिरलं, की पोटात गोळा. एकदा मध्यरात्रीच्या वॉचला असंच दुधाळ पाणी हातात आलं. समुद्राचं पाणी कंडेन्सरमध्ये शिरतं त्या तोंडाशी चीफने, म्हणजे आमच्या वरिष्ठाने, लाकडाचा भुसा सोडला. भुसा पाण्याबरोबर वाहत जाऊन त्या भोकात खेचला गेला आणि अडकून बसला. तेवढ्यावर बंदर गाठलं. बंदरात कंडेन्सरचं झाकण उघडून, आत थोडा निर्वात धरून, नळ्यांच्या तोंडांवरून पेटती मेणबत्ती फिरवली. ज्या नळीपाशी ज्योत आत वळली तीच चोर. तिला लाकडी खुंटी ठोकली. लोणावळ्याच्या 'आयएनएस शिवाजी' या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रात, समुद्रापासून दूर डोंगरावर, आम्हाला जे शिकवलं त्यातलं निम्मं तरी या पाण्याच्या आजारांबद्दल होतं.

प्रश्न : १९७१ च्या युद्धात 'विक्रांत' या विमानवाहू जहाजाचा बॉयलर तडकलेला होता, हे खरं का? मग ती लढली कशी? (पुणे)

खरं आहे. जून १९७० मध्ये 'विक्रांत' मुंबईच्या गोदीत घेतली तेव्हा बॉयलरच्या खालच्या पाण्याच्या ड्रममध्ये तडे सापडले. थंड-गरम, थंड-गरम होऊन धातू थकतो, त्याचे हे तडे. वेल्डिंगने भागण्यासारखे नव्हते. नवे ड्रम ब्रिटनहून मागवले आणि बॉयलर पेटवू नयेत असा हुकूम निघाला.

१ मार्च १९७१ रोजी नवे ड्रम नसतानाच ते पुन्हा पेटवले, पण दाब कमी ठेवून. ड्रमच्या भिंतीवरचा ताण दाबाच्या प्रमाणात असतो, त्यामुळे दाब उतरवला की तडा पुढे सरकण्याची भीती कमी होते. त्याची किंमत वेगात मोजावी लागते. विमानवाहू जहाजाला वेग हवा तो नुसता पळायला नव्हे. जहाज वाऱ्याच्या तोंडावर धावतं तेव्हा डेकवर जो वारा मिळतो त्यावर विमान उचललं जातं. शिवाय विमान फेकणारं कॅटापुल्टही त्याच बॉयलरच्या वाफेवर. एकाच वाटीतून दोघांना वाढायचं. तरी ४ डिसेंबरला 'सी हॉक' विमानं उडाली आणि त्यांनी पूर्व पाकिस्तानातल्या (आताच्या बांगलादेशातल्या) कॉक्स बाजारवर हल्ला चढवला. वैमानिकांचं नाव झालं ते योग्यच, पण त्या ड्रमशेजारी उभं राहून वॉच करणाऱ्यांचीही आठवण ठेवावी, एवढंच माझं म्हणणं.

प्रश्न : खालचं काम किती धोक्याचं होतं? आणि आता अशी जहाजं उरली आहेत का? (गोवा)

घामाने भिजणं हा त्यातला सौम्य भाग. अतितप्त वाफ डोळ्यांना दिसत नाही, आपल्याला दिसते ती थंड होऊन झालेली धुक्यासारखी वाफ. गळतीचा चित्कार ऐकू येतो पण जागा कळत नाही, म्हणून जुने लोक समोर झाडू धरून पुढे सरकायचे. झाडू कापला गेला की जागा सापडली. ३० ऑक्टोबर १९९० रोजी 'इवो जिमा' या अमेरिकी जहाजावर बहारीनजवळ वाफेचा व्हॉल्व्ह फुटून १० जण मेले. व्हॉल्व्हच्या दुरुस्तीत पोलादाऐवजी काळा लेप दिलेले पितळी नट वापरले गेले होते. दिसायला सारखेच, पण तापल्यावर पितळ टिकत नाही.

उरल्या म्हणाल तर थोड्या. डिझेल आणि गॅस टर्बाइन चुटकीसरशी सुरू होतात. वाफेचं जहाज थंड असेल तर निघायला तास न् तास लागतात, आणि माणसंही जास्त. 'बियास' ही आपली २००५ सालची फ्रिगेट वाफेवरच बांधलेली. तिला डिझेल इंजिनं बसवण्याचा करार २०२३ मध्ये कोचीनच्या गोदीशी झाला. 'विक्रमादित्य' ही विमानवाहू नौका मात्र आठ बॉयलरवर चालते. अणुपाणबुड्यांतही भट्टीच्या जागी अणुभट्टी आली एवढंच. पुढे वाफ, टर्बाइन, कंडेन्सर सगळं तेच, आणि त्या पाण्याचा नमुना आजही कुणीतरी दर वॉचला तपासतंच.