कॅराव्हॅनमधील गिझरचा दिवा लागतो, पण पाणी तापत नाही, काय तपासावे?

तोरणमाळला उभ्या केलेल्या कॅराव्हॅनमधील २००० वॅटच्या गिझरचा विजेचा दिवा लागतो, मात्र पाणी कोमटही होत नाही, असा आपला प्रश्न आहे. अशा वेळी पहिला संशय कॉइलवर घ्यावा, कारण प्रवासासाठी रिकामी केलेली टाकी पूर्ण भरण्याआधीच बटण दाबले गेले, तर उघडी पडलेली कॉइल काही क्षणांतच जळते.

प्लग काढून, झाकण उघडून आणि कॉइलची एक वायर सोडवून कॉइलच्या दोन टोकांना मल्टिमीटर (विजेचा रोध, व्होल्टेज मोजणारे उपकरण) ओहमवर ठेवून लावावा. २३० व्होल्टच्या हिशोबाने सुमारे २६ ओहम दिसले पाहिजेत. जोडणीच दिसली नाही, म्हणजे कॉइल आतून तुटलेली असेल, तर ती बदलावी. कॉइलचे टोक आणि टाकीचे धातूचे अंग यांच्यात जोडणी दिसली, तर गिझर मुळीच वापरू नये, कारण तो जिवावरचा धोका आहे.

कॉइल ठीक असेल, तर थर्मल कटआउटचे (गिझर फार तापल्यास वीज तोडणाऱ्या सुरक्षा स्विचचे) बटण दाबून पाहावे. ते पुन्हा उडाल्यास थर्मोस्टॅट, म्हणजे पाण्याचे तापमान राखणारा स्विच, तपासून घ्यावा. कटआउट वगळून थेट जोडणी करण्याचा सल्ला कोणीही दिला, तरी कृपया मानू नये.

नव्या कॉइलनेही पाणी फार सावकाश तापत असेल, तर व्होल्टेज मोजावे. एखाद्या शेतातून लांब वायर ओढून वीज घेतली आणि दाब १८० व्होल्टवर आला, तर हाच गिझर जेमतेम १२२५ वॅट देतो. बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर कॉइलवर साचला असल्यास तोही काढावा.

यापुढे गरम पाण्याचा नळ उघडून हवा न येता सलग धार लागल्याशिवाय बटण दाबू नये.