युनिसेफसारख्या संस्थेत 'युथ एंगेजमेंट कम्युनिकेशन'चं काम नेमकं काय असतं? पत्रकारितेची पदवी पुरेल का?

पदवी चालेल, पण हे काम पोस्टर-रील बनवण्यापेक्षा मुलांचं म्हणणं गोळा करून ते निर्णय घेणाऱ्यांपर्यंत पोचवण्याचं जास्त आहे. कारण संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेचं कलम १२: मुलांशी संबंधित बाबींत त्यांचं मत ऐकून घेतलं पाहिजे, असं ते सांगतं. भारतानेही ही संहिता १९९२ मध्ये स्वीकारली. 'यू-रिपोर्ट'चं उदाहरण घ्या. युनिसेफने २०११ मध्ये ते युगांडात सुरू केलं. तरुणांना एसएमएसवर प्रश्न जातो, ते फुकट उत्तर देतात आणि त्यातून निघालेलं चित्र तिथल्या खासदारांसमोरही ठेवलं जातं. अशा ठिकाणी प्रश्न साध्या बोलीत लिहिणं, आलेली उत्तरं वाचून त्यांचा अर्थ लावणं आणि 'तुमच्या मताचं पुढे काय झालं' हे त्यांना परत कळवणं, एवढं जमायला हवं. शेवटचंच बहुतेक जण विसरतात. शिवाय अठराखालच्या मुलाचा फोटो किंवा गोष्ट वापरायची तर त्याची आणि पालकांची संमती लागते. नाव-गाव उघड झाल्याने धोका असेल तर ते बदलावं लागतं. व्हायरल होण्याच्या मोहापायी इथे चूक झाली तर माफी नाही.

सुरुवातीला इंटर्नशिप किंवा यूएन व्हॉलंटियर, म्हणजे संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम (युवा गटासाठी वय १८ ते २६), बघा. मात्र बरीचशी कामं ठरावीक मुदतीच्या करारावर असतात, कायम नोकरी गृहीत धरू नका. आणि भरतीसाठी कोणी पैसे मागितले तर ती फसवणूकच. युनिसेफ कुठल्याही टप्प्यावर शुल्क घेत नाही.